उपवास : नाही

डॉक्टर रत्नमाला हिवराळेला पेशंटचा हट्ट चालायचा, रडारड चालायची, गोळ्या विसरणंसुद्धा एक वेळ चालायचं. खोटं बोलणं मात्र अजिबात खपायचं नाही. आणि मधुमेहाचा पेशंट जेवणाबद्दल खरं बोलतो, यावर सोळा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये तिचा कधी विश्वास बसला नव्हता. "मॅडम, एकच पोळी खातो," असं म्हणणाऱ्याचं पोट आधी टेबलाला लागायचं आणि मग तो खुर्चीत बसायचा. त्यामुळे गेल्या वर्षी एक तरुण 'ताटवाटी' नावाचं ॲप घेऊन तिच्या हर्सूल टी पॉइंटजवळच्या दवाखान्यात आला, तेव्हा त्याचं बोलणं संपायच्या आतच तिनं होकार देऊन टाकला.

ॲप होतंही कामाचं. पहिल्या भेटीत डॉक्टरनं एक फॉर्म भरायचा. वय, वजन, गोळ्या कोणत्या, काम उभ्यानं की बसून, घरात ज्वारी की बाजरी की गहू, उपवास कोणते. त्यावरून ॲप त्या माणसापुरता आहार सुचवायचं आणि डॉक्टरनं तो तपासून हो म्हणायचं. मग पेशंटनं दोन्ही वेळच्या ताटाचा फोटो पाठवायचा. ज्याला जमत नाही त्याच्या लेकानं किंवा सुनेनं पाठवायचा. गोळीच्या वेळेला फोन वाजायचा. डॉक्टरच्या पडद्यावर महिनाभराचे रकाने दिसायचे. नीट जेवल्याचे हिरवे, जास्त खाल्ल्याचे लाल, आणि फोटोच आला नाही तर रिकामे.

पूर्वी आहाराचा सल्ला म्हणजे "भात, बटाटा, गोड बंद" एवढंच, तेही पुढच्या पेशंटला हाक मारता मारता. आता रत्नमाला माणसाला त्याचंच ताट दाखवून सांगू शकत होती, की भाकरी दोनच्या जागी दीड घ्या आणि शेपूची भाजी दुप्पट वाढा. लोकांची साखर खरंच उतरत होती. ॲपवर तिचा जीव जडला होता, आणि त्यात तिचं फार चुकलं होतं असंही नाही.

गोजरबाई पगारे तिच्याकडे पहिल्यांदा जूनमध्ये आल्या. वय बासष्ट, मधुमेह अकरा वर्षांचा, चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं पोळ्या लाटून निवृत्त झालेल्या. आल्या आल्या "जय भीम, डॉक्टरीणबाई" म्हणाल्या. रत्नमालाही "जय भीम, मावशी" म्हणाली आणि फॉर्म भरायला बसली. भाकरी कशाची ते तिनं विचारलं. चहा किती आणि साखर किती ते विचारलं. मग 'उपवास' हा प्रश्न आला. खाली यादी होती: सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजे, जैन उपवास, इतर, नाही. रत्नमालानं मान वर न करता 'नाही'वर बोट टेकवलं आणि पुढे सरकली.

त्यात विचारण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. तिच्या आजीनं दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात देव्हाऱ्याबरोबर सगळे उपवासही घराबाहेर काढले होते. ही हकीकत हिवराळ्यांच्या घरात पाहुण्यांना आजही चवीनं ऐकवली जायची. पगारे म्हणजे आपलेच, आणि आपल्यात उपवास नसतात, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं.

पहिला दीड महिना गोजरबाईंनी असा पाळला, की दवाखान्याचा कंपाउंडर रामकिसन त्यांच्या ताटाचे फोटो बाकीच्या पेशंटना दाखवायला लागला. सून मोनिका फोटो काढायची आणि वेळच्या वेळी पाठवायची. ताटात ठरलेली दीड भाकरी, वाटीभर वरण, मुठीएवढी पालेभाजी. सगळं कँटीनच्या शिस्तीनं. मग जुलै अर्धा सरला आणि रात्रीच्या जेवणाचे रकाने मधूनच रिकामे यायला लागले. सलग नाही. सात-आठ दिवस सगळं हिरवं, मग एक रिकामा. पुन्हा सात-आठ दिवस हिरवे, पुन्हा एक रिकामा. असे चार झाले. त्यातच तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आला, तो आठ पॉइंट दोन. ॲपनं त्यांच्या नावाखाली आपण होऊन एक ओळ टाकली होती: 'रुग्ण नोंद टाळत असण्याची शक्यता. समुपदेशन करावे.'

रत्नमालानं समुपदेशन केलं, म्हणजे गोजरबाईंना बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

"मावशी, ह्या चार रात्री काय खाल्लं?"

"कायबी नाय खाल्लं," गोजरबाई म्हणाल्या.

"काहीच नाही?"

"नाय ना. पाणी पेले."

"मग साखर काय पाण्यानं वाढली? लग्नात गेलात का? बारसं होतं का कुठं? जे खाल्लं असेल ते सांगा. मी काय तुम्हाला मारणार आहे का? पण फोटो लपवायचा आणि वर खोटं बोलायचं, हे माझ्याकडे चालणार नाही."

गोजरबाईंनी एकदा तिच्याकडे नीट पाहिलं. बाहेर बाकावर बसलेल्या बायका कान टवकारून ऐकत होत्या. गोजरबाईंनी पदर सारखा केला आणि गप्प बसल्या. गप्प बसलेला पेशंट म्हणजे कबूल झालेला पेशंट, हा रत्नमालाचा दुसरा ठाम समज होता. तिनं रात्रीच्या जेवणाआधीची एक मिलिग्रॅमची गोळी दोनची केली, चिठ्ठी हातात दिली आणि बेल वाजवली.

ही गोष्ट दोन आठवड्यांपूर्वीची.

आज गोकुळाष्टमी होती. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते आणि बाहेर आठ-नऊ पेशंट बसले होते. रामकिसन आतल्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर ॲपची आठवड्याची यादी घेऊन बसला होता. ज्यांच्या नोंदी अपुऱ्या, त्यांना फोन करून आठवण द्यायची, हे त्याचं काम. दिवसभर उपवास असल्यामुळे तो शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकत होता आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होता.

"मॅडम, ह्या गोजरबाईंचं पुन्हा एक रिकामं आलंय. गेल्या आठवड्यात. राखीपौर्णिमेच्या रात्री."

"लावा फोन. आणि सांगा, पुढच्या वेळी मुलाला सोबत आणा म्हणून."

रामकिसननं फोन उचलला नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उठला. कागदावरची एकेक तारीख वाचायचा, मग कॅलेंडरच्या त्या चौकोनावर बोट ठेवायचा.

"मॅडम, गंमत बघा. पहिली तारीख गुरुपौर्णिमेची. दुसरी अष्टमी. तिसरी अमावस्या. चौथी परत अष्टमी. आन ही पाचवी राखीची पौर्णिमा." त्यानं मोठा शोध लावल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. "बाई उपवास धरतात, मॅडम. खात नाहीत म्हणून फोटो नाय."

"आमच्यात उपवास नसतात, रामकिसन," रत्नमाला म्हणाली. हे वाक्य ती शाळेपासून म्हणत आली होती, त्यामुळे ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. आणि पडलं तशी ती जागच्या जागी थांबली.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तीन महिने भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, एकाच विहारात मुक्कामाला असतात. त्या काळात पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्यांना उपासक-उपासिका पांढरे कपडे घालून विहारात बसतात आणि अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळतात. त्यातलं एक शील असं, की दुपारी बारानंतर जेवायचं नाही. हे तिला माहीत होतं. लहानपणी शेजारच्या घरात पाहिलंही होतं. पण ती स्वतः विहारात जायची ती बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला, तीही गाडी बाहेर नीट लागेल का या काळजीत. अष्टशीलाला कुणी उपवास म्हणत नाही, आणि म्हणू नये हेच बरोबर. पण रात्रीचं पोट रिकामं राहायचं ते राहतंच. आणि रिकाम्या पोटी ती गोळी म्हणजे रक्तातली साखर पार तळाला नेणारी. तिनं ती दोन आठवड्यांपूर्वी दुप्पट केली होती, तीही तीन महिन्यांच्या सरासरीवरून, ज्यात तिच्याकडे येण्याआधीचे दिवसही धरलेले होते.

"रामकिसन, आज काय आहे?"

"गोकुळाष्टमी, मॅडम."

"अष्टमी," रत्नमाला म्हणाली, आणि तिनं मोनिकाचा नंबर लावला.

मोनिका घरी होती. आई सकाळपासून जटवाडा रोडवरच्या विहारात आहेत, असं तिनं सांगितलं. फोन लागणार नाही, प्रवचन चालू झालं असेल.

"गोळी? गोळी सोबत दिलीये मॅडम, काळजी करू नका. ॲपचा गजर साताला वाजतो ना, पण तेव्हा फोन बंद ठेवावा लागतो. म्हणून आई साडेपाचलाच घेते म्हणल्या. त्या गोळी कधीच चुकवत नाहीत."

रत्नमालानं घड्याळ पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटं.

"मागच्या पौर्णिमेला काही त्रास झाला होता का?"

मोनिकानं आवाज खाली आणला. "झाला होता. घाम फुटला, हात कापायला लागले, उठता येईना. मी तुम्हाला फोन लावत होते. पण आई म्हणल्या, डॉक्टरीणबाईला सांगू नको, अजून रागावतील."

रत्नमालानं फोन ठेवला. तिला रडूही आलं असतं, पण वेळ नव्हता. तिनं साखर तपासायचं यंत्र, पट्ट्यांची डबी आणि ग्लुकोज पावडरचा डबा पर्समध्ये कोंबला, रामकिसनच्या खणातला बिस्किटाचा पुडा घेतला आणि बाहेर बसलेल्यांना "तासाभरात येते" एवढंच सांगून स्कूटीला किक मारली.

उद्याच्या दहीहंडीसाठी क्रांती चौकाकडे निघालेला स्पीकरचा टेम्पो टी पॉइंटला आडवा लागला होता आणि पोरं त्याच्यापुढे नाचून घेत होती. रत्नमालानं आयुष्यात पहिल्यांदा फुटपाथवरून गाडी घातली. एका हवालदारानं शिट्टी मारली, तिनं वळूनही पाहिलं नाही.

विहाराच्या दारात तिनं चपला काढल्या. आत पंचवीस-तीस माणसं बसली होती, बहुतेक बायका, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. समोर भंतेजी शांतपणे बोलत होते. मागच्या भिंतीला टेकून गोजरबाई बसल्या होत्या. कपाळावर घाम, आणि मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटं बारीक थरथरत होती. रत्नमाला वाकून त्यांच्या कानाशी बोलली, हाताला धरून त्यांना उठवलं आणि बाहेरच्या पायरीवर आणून बसवलं. गोजरबाई मुकाट्यानं आल्या. पुन्हा काहीतरी चुकलं आणि बाई आता विहारातही बोलायला आली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला छप्पन्न. साखर सत्तरच्या खाली गेली तरी धोका असतो.

रत्नमालानं बिस्किटाचा पुडा फोडला. गोजरबाईंनी हात मागे घेतला.

"बारानंतर नाय चालत मला. शील घेतलंय."

"मावशी, साखर उतरलीय. आत्ता नाही खाल्लं तर तुम्ही बेशुद्ध पडाल."

"चावून खायाचं नाय," गोजरबाई म्हणाल्या. त्यांची जीभ जड झाली होती, पण म्हणणं पक्कं होतं. "पाण्यातून द्या. पाण्यात समदं विरघळलं तर चालतंय. तुमाला ठावं नाय का?"

रत्नमालाला ठाऊक नव्हतं. तिनं विहाराच्या नळावरून पेलाभर पाणी आणलं, त्यात तीन मोठे चमचे ग्लुकोज ढवळलं आणि पेला गोजरबाईंच्या ओठांना लावला. त्यांनी तो हळूहळू संपवला. आता पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, एवढंच हातात होतं. दोघी पायरीवर बसून राहिल्या. आतून भंतेजींचा आवाज येत होता, आणि लांबून टेम्पोवरचं गाणं.

"मावशी," रत्नमाला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी खरंच काही खाल्लं नव्हतं. खरं बोलत होतात, आणि मी तुम्हाला खोटं पाडलं. वर गोळी वाढवली. चुकलं माझं. मला फार लाज वाटतेय."

गोजरबाईंनी रिकामा पेला पायरीवर ठेवला. घाम ओसरायला लागला होता.

"बोललात ते लागलं मला. चार बायांत बोललात. कँटीनात बावीस वर्षं काढली, पर मला कुणी खोटारडी नाय म्हणलं." त्यांनी पदरानं मान पुसली. "मला वाटलं, तुमाला समदं म्हाईत आसून बोलायलात. शीलाचा फोटो कसा काढायचा, हे तर तुमाला कळतच आसंल. मग कशापायी बोलली ही बाई, हेच मला उमगंना."

"मला विचारायला हवं होतं."

"व्हय. पर खरं सांगू का, पहिल्या दिवशी तुमी नाय इचारलं, तवा मला लई बरं वाटलं व्हतं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलं, दुसरीकडं गेलं, की समदं सांगत बसावं लागतं. कुणाचे, कुठले, काय पाळता. तुमाला कायबी सांगावं लागलं नाय. म्हणलं, आपली लेकच बसलीय खुर्चीत."

रत्नमालानं घड्याळ पाहिलं, अजून पाच मिनिटं होती. मग तिनं विचारलं, "मावशी, एवढी साखर असताना हे कशाला करता? मी सोडा म्हणत नाही. नुसतं विचारते."

"तीनशे माणसाला वाढून झाल्यावर मी जेवायची. कधी उरायचं, कधी नाय. तवा उपाशी ऱ्हायले ते दुसऱ्यानं ठेवलं म्हणून." गोजरबाईंनी आतल्या बायकांकडे मान वळवली. "आता म्या ठरवते, आज रातच्याला जेवायचं नाय. त्यात मोठं सुख हाय, डॉक्टरीणबाई. तुमाला नाय कळायचं."

पंधरा मिनिटं झाली. दुसऱ्यांदा सुई टोचली. आकडा एक्क्याण्णव. रत्नमालाचा श्वास मोकळा झाला, पण तिनं स्वतःला सैल सोडलं नाही. गोळी सकाळपर्यंत काम करत राहणार होती आणि ग्लुकोजचं पाणी तासाभरात संपणार होतं. तिनं ते गोजरबाईंना आकड्यांत न शिरता सांगितलं. पुढच्या अष्टमीला, अमावस्येला संध्याकाळची गोळी घ्यायचीच नाही, सकाळच्या जेवणाबरोबर काय घ्यायचं ते ती लिहून देईल, शील मोडायची गरज पडणार नाही. आज मात्र गोळी पोटात गेलेली आहे. आज रात्री पोटभर जेवावंच लागेल, दोन भाकरी, वरण, सगळं. आणि झोपण्याआधी पुन्हा साखर तपासायची.

गोजरबाई खाली बघत राहिल्या. त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती, हे आज रत्नमालाला न सांगता दिसत होतं, म्हणून तिनं घाई केली नाही. जबरदस्ती केली असती तर बाईनं ऐकलं असतं, आणि पुन्हा कधी खरं सांगितलं नसतं.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "भंतेजींना सांगते. दुखण्याला त्ये नाय म्हणत नाहीत. आठ शीलांच्या जागी पंचशील घिऊन घरी जाते आन जेवते, त्यात रातचं जेवण चालतं."

रत्नमालानं त्यांचा हात हातात घेतला. "चला, मी सोडते तुम्हाला."

गोजरबाई उठल्या नाहीत.

"पर मी एकलीच कशी जाऊ? त्या चौघींचं काय?"

"कुठल्या चौघी?"

"आतल्या. आवडाबाई, ती खांबापाशी बसलीय ती. तिची जाऊ. बन्सीची माय. आन ती कोपऱ्यातली. समद्या तुमच्याच पेशंट हायेत की. म्याच धाडल्या तुमच्याकडं. म्हणलं, तिच्याकडंच जावा, ती आपली हाय, तिला कायबी सांगावं लागत नाय." गोजरबाईंनी आत बोट दाखवलं. "गोळ्या आमी संगंच घेतल्या, साडेपाचला."

रत्नमालानं फोन काढून आवडाबाईंचं नाव उघडलं. उपवास : नाही. पुढचं नाव उघडलं, तिथंही तेच. तिसरं उघडायची गरज नव्हती. सगळ्या फॉर्मांवर तिचंच बोट पडलेलं होतं आणि एकीलाही तिनं विचारलेलं नव्हतं.

तिनं यंत्र आणि ग्लुकोजचा डबा उचलला आणि आत गेली. भंतेजी बोलायचे थांबले. तिनं त्यांना हात जोडले, काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं आणि बायकांकडे वळली.

"आयांनो, साखरेची गोळी आज ज्यांनी ज्यांनी घेतली असेल, त्यांनी हात वर करा. कुणी रागावणार नाही."

चार हात येतील, या हिशेबानं ती उभी होती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक करत नऊ हात वर आले.